उणे वीस आणि पावसाचा नियम: खेळातल्या प्रदूषणाचं एक प्रकरण

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात रविवारी दुपारी ‘फ्रीसिव्ह’ खेळला जातो. फुकट मिळणारा, नियमांच्या फाइली उघडून हवे तसे बदलता येणारा हा संगणकावरचा खेळ. १९९६ साली डेन्मार्कमधल्या विद्यार्थ्यांनी तो पहिल्यांदा बाहेर आणला, आणि वळण घेतलं ‘सिव्हिलायझेशन’ या खेळाचं: इसवी सनापूर्वी ४००० मध्ये एक वस्ती वसवायची, शेती, रस्ते, शोध, लढाया करत अंतराळयानापर्यंत पोचायचं. खेळाडू पाच, सगळे अठरा-वीसच्या आसपासचे, एकटा धाकटा अकरावीतला. पंच मी. नकाशाही मीच काढलेला: पूर्वेला डोंगर, पश्चिमेला समुद्र आणि मधून एक लांबलचक नदी. ओळखीचा वाटला तर त्यात नवल नाही.

वाद पेटला तो डाव कारखान्यांच्या युगात शिरल्यावर. तोवर सगळ्यांचं बरं चाललेलं. मग नकाशावर प्रदूषणाचे डाग पडायला लागले. ज्या चौकोनावर डाग, त्याचं उत्पन्न निम्मं. तिथे मजूर पाठवायचा, काही फेऱ्या थांबायचं, डाग गेला की तोच मजूर पुढच्या डागाकडे. शहरं वाढली की डाग वाढतात, आणि एका फेरीला दोन मिनिटं लागायची तिथे दहा लागू लागली. पाचांपैकी तिघांनी मागणी केली की प्रदूषण काढून टाका. त्यातला एक म्हणाला, “सर, हा खेळ आहे की नगरपालिका? मला हरायचंसुद्धा वाईट वाटत नाही, पण झाडू मारायला मी आलेलो नाही.”

उरलेल्या दोघांनी विरोध केला. पर्यावरणाच्या प्रेमापोटी केला असं कुणी समजू नये. त्यांचं म्हणणं इतकंच होतं की पुढे गेलेल्या खेळाडूला पाय ओढणारं दुसरं काहीच खेळात नाही. ज्याची शहरं मोठी त्यालाच डाग जास्त, म्हणून मागे पडलेल्याला दम घ्यायला वाव मिळतो. मतदान झालं, तीन विरुद्ध दोन. निकाल लावून मोकळं होता आलं असतं. नियमांच्या फाइलीत एक आकडा बदलला की काम झालं.

तो आकडा उणे २० आहे. शहराचं उत्पादन आणि लोकवस्तीमुळे होणारी घाण यांची बेरीज करायची, त्यातून २० वजा करायचे, आणि जे उरेल तितके टक्के शक्यता की या फेरीत शहराच्या हद्दीतला कुठला तरी एक चौकोन मळेल. उत्पादन ३५ आणि वस्तीची घाण शून्य, तर दर फेरीला १५ टक्के. बेरीज २० च्या आत राहिली तर काहीच नाही. मोटार आणि प्लॅस्टिकसारखे शोध लागले की वस्तीची घाण वाढते, सार्वजनिक वाहतूक उभारली की उतरते. डाग फार साचले की पृथ्वी तापते आणि मैदानांची वाळवंटं किंवा दलदल होते. उणे २० च्या जागी उणे १००० लिहिलं की हे सगळं बंद. इतक्या सरळ हिशेबावर इतकी चिडचिड का व्हावी, हे मला आधी पाहायचं होतं. म्हणून मतदानाची अंमलबजावणी पुढच्या रविवारपर्यंत लांबवली.

हा तंटा आमच्या वाचनालयात पहिल्यांदा झालेला नाही. सिड मायर आणि ब्रूस शेली यांच्या १९९१ च्या पहिल्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये डाग होते आणि ते पुसणं होतं. २००१ च्या तिसऱ्या भागापर्यंत ही कटकट इतकी झाली होती की २००५ च्या चौथ्या भागात डाग काढूनच टाकले. त्यांच्या जागी शहराचं आरोग्य आलं: कारखाना, कोळशाची वीज यांनी आरोग्य ढासळतं आणि ढासळलं की धान्य कमी पडतं. झाडू गेला, किंमत राहिली. मला ही चतुराई वाटते. पाचव्या भागात रोजच्या घाणीचा विषय जवळजवळ नाहीसाच झाला, अणुबॉम्बनंतरची राख तेवढी उरली. सहाव्या भागाला २०१९ मध्ये ‘गॅदरिंग स्टॉर्म’ ही पुरवणी आली, तिच्यात कोळसा आणि तेल जाळलं की जगाचा कार्बन वाढतो, समुद्र चढतो, किनाऱ्यावरचे सखल चौकोन आधी पुरात जातात आणि मग कायमचे पाण्याखाली. १९९९ च्या ‘अल्फा सेंटॉरी’मध्ये तर ग्रहच चिडून अंगावर कीडे सोडतो.

ही यादी वाचून वाटेल की तीस वर्षांत या प्रश्नाची बरीच मशागत झाली. झाली आहे, पण एका बाजूने. एका टोकाला घाण ज्याची त्याच्याच अंगणात पडते, दुसऱ्या टोकाला ती सगळ्या जगावर सारखी पसरते. मधलं काहीच नाही. एकाने केली आणि खालच्या गावात गेली, ही साधी गोष्ट साम्राज्याच्या खेळांत जवळपास सापडत नाही. शहर वसवण्याच्या खेळांत थोडी सापडते. २०१५ च्या ‘सिटीज: स्कायलाइन्स’मध्ये सांडपाण्याचा नळ पिण्याच्या पाण्याच्या पंपाच्या वरच्या अंगाला सोडला तर अख्खं शहर आजारी पडतं, आणि प्रत्येक नवा खेळाडू हे एकदा करतोच. पण तिथेही दोन्ही नळ एकाच महापौराचे.

गाव

आमच्या पाचांपैकी कुणालाच लोहखनिजाचं मायनिंग समजावून सांगावं लागत नाही. एकाच्या घरासमोर टिपर ट्रक वर्षानुवर्षं उभा होता, टायरांपुढे चिरे लावून. एकीच्या आजोबांची वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताची, शेती खाणीच्या डंपवरून, म्हणजे मातीच्या ढिगावरून, उतरलेल्या लाल गाळाखाली गेली. एकाचा काका बार्जवर, म्हणजे नदीतून खनिज नेणाऱ्या सपाट बोटीवर, होता. ही मुलं शाळेत जायला लागली त्याच सुमारास, सप्टेंबर २०१२ मध्ये, राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली. एप्रिल २०१४ च्या निकालाने बंदी उठली, पण वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून. तेजीच्या शिखरावर निर्यात याच्या दुपटीहून जास्त होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीजं (खाणपट्टे) रद्द केली आणि मार्चमध्ये पुन्हा सगळं बंद. २०२२ मध्ये नव्याने लिलाव सुरू झाले. गावात ‘चालू’ आणि ‘बंद’ या दोन शब्दांवर लग्नं ठरली आणि मोडली आहेत, त्यामुळे एक आकडा बदलून प्रदूषण बंद करायची मागणी आली तेव्हा मला जरा गंमतच वाटली.

गोव्याच्या खाणीचं यंत्र असं चालतं. एक टन खनिज काढायला साधारण अडीच-तीन टन माती आणि खडक बाजूला टाकावे लागतात. ते ढीग म्हणजे डंप, डोंगराच्या अंगाला उभे. पावसाळ्यात इथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी कोसळतं. ढिगाची माती ओहोळात, ओहोळातून शेतात, शेतातून नदीत. खड्डा भूजलाच्या खाली गेला की पाणी उपसावं लागतं आणि आजूबाजूच्या विहिरी बसतात. खनिज मात्र इथे फारसं वितळवलं जात नाही. ट्रकने धक्क्यावर, बार्जने मांडवी-जुवारी नद्यांतून मुरगाव बंदरात, तिथून जहाजाने आधी जपानला आणि पुढे मुख्यतः चीनला. खेळाच्या हिशेबाने पाहिलं तर पोलादाचा कारखाना जिथे तिथे डाग. म्हणजे उणे २० चा नियम लावला तर आमचा तालुका जवळपास निष्कलंक ठरतो!

खेळातली खाण तर याहून सोज्वळ. टेकडीच्या चौकोनावर मजुराने खाण काढली की उत्पादन वाढतं. ती टेकडी दोनशे फेऱ्यांनंतरही तेवढंच देते. ना ढीग, ना खड्डा.

पावसाचा नियम

पुढच्या रविवारी मी तिघांपुढे एक तोड ठेवली. डाग पुसायचं काम मजुरांना ‘ऑटो’वर टाकून द्या, झाडू संपला. त्याच्या बदल्यात एक नियम मानायचा: दर चौथी फेरी पावसाळ्याची. पावसाळ्यात नदीकाठच्या चौकोनावर जो डाग असेल तो एक चौकोन खाली सरकेल. सर्व्हर माझ्याच मशीनवर असल्याने एडिट मोड उघडून डाग उचलायचे आणि खालच्या चौकोनावर ठेवायचे, हे काम पंचाचं. कोणता डाग कुठून कुठे गेला याची नोंद वहीत. नवा डाव, त्याच नकाशावर, जागा चिठ्ठ्या टाकून.

चिठ्ठ्यांनी आपली खोडी काढलीच. डोंगराकडची वरची जागा गेली शेती बुडालेल्या घरातल्या मुलीकडे. मधली ट्रकवाल्याच्या मुलाकडे. नदीमुख धाकट्याकडे. उरलेले दोघे नदीपासून लांब, दक्षिणेला.

कारखाने येईपर्यंत कुणाला नियमाची आठवणही नव्हती. आल्यावर वरच्या मुलीने पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत सगळे डाग वेळेत पुसले. मग एकदा तिचे मजूर रस्त्याच्या कामात गुंतले होते, नदीकाठचा एक डाग राहिला, पाऊस आला आणि तो डाग आपोआप खाली गेला. ती पडद्याकडे बघत राहिली. पुढच्या फेरीत तिने मजुरांचा ऑटो काढला. नदीपासून लांबचे डाग स्वतः पुसू लागली आणि काठावरचे तसेच ठेवू लागली. शेजारच्याने विचारलं तर शांतपणे म्हणाली, “पावस पडलो म्हणटकच आपशींच व्हांवन वतलें.” पाऊस पडला की आपोआप वाहून जाईल.

कुणी शिकवलं नव्हतं, नियमात लिहिलेलं नव्हतं, आणि घरी गाळ पाहिलेल्या मुलीला ते सर्वांत आधी सुचलं. इथे मला प्रकरणाची किल्ली सापडली असं वाटतं. जुन्या नियमात प्रदूषणाबद्दल ठरवण्यासारखं काही नव्हतंच. डाग दिसला की पुसायचा, प्रत्येकाने, प्रत्येक वेळी. ज्या कामात दुसरा पर्यायच शहाणपणाचा नसतो ते काम खेळाडूला देऊ नये. तिघांची तक्रार त्या अर्थाने शंभर टक्के बरोबर होती. पावसाच्या नियमात मात्र दर चार फेऱ्यांनी एक खरा प्रश्न उभा राहिला: आत्ता मजूर खर्च करू, की थांबू आणि ती घाण खालच्याच्या माथी जाऊ देऊ?

मधल्या मुलाची अडचण विचित्र होती. त्याच्याकडे वरून डाग येत आणि त्याचे स्वतःचेही होते. काही फेऱ्या त्याने आरडाओरडा केला, मग तोही काठावरचे डाग पुसायचा थांबला. वरचेही खाली, स्वतःचेही खाली. सगळा भार नदीमुखावर. धाकट्याची भातशेती नदीच्या दोन्ही काठांना पसरलेली, ओलिताखालची. एकेका पावसाळ्यानंतर चार-चार चौकोनांचं धान्य निम्मं व्हायचं. शहर उपाशी राहून एक वस्ती कमी झाली तेव्हा तो खुर्चीतून उठून माझ्याकडे आला. “सर, मी काहीच केलं नाही. माझ्याकडे तर एकच कारखाना आहे.”

तो रडकुंडीला आला नव्हता, नियम मागत होता. त्याच्या घराण्यात खाजन शेती, म्हणजे खाडीच्या काठची, समुद्रसपाटीला टेकलेली जमीन. ती टिकते बांधामुळे आणि बांधातल्या मानशीमुळे: भरतीला आपोआप मिटणारं, ओहोटीला आपोआप उघडणारं लाकडी दार. त्याने बांध मागितला. मी तडजोड केली: नदीच्या चौकोनावर फोर्ट्रेस (खेळातला किल्ला) बांधला की तो बांध समजायचा, त्याच्या खाली डाग उतरणार नाही. त्याने मजूर लावून हद्दीवरच फोर्ट्रेस उभा केला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात डाग कुठे जाणार हे मधल्याला कळायला जेमतेम एक फेरी लागली. बांधाने डाग अडले ते त्याच्याच शेवटच्या चौकोनांवर. वरून येत राहिले, खाली जायची वाट बंद. त्याने धाकट्याला बांध काढायला सांगितलं. धाकट्याने नकार दिला. तोफा निघाल्या.

लढाई बरीच लांबली. दक्षिणेच्या दोघांनी दोन्ही बाजूंना शोध विकले आणि गब्बर झाले. आणि ज्या मुलीच्या कारखान्यांतून निम्म्याहून अधिक डाग निघत होते ती डोंगरात सुखाने बसून बँका आणि विद्यापीठं बांधत होती. तिच्याविरुद्ध कुणाची तक्रारच नव्हती. घाणीवरून भांडले ते दोघे घाण झेलणारे.

हे मी ठरवून घडवलेलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. कुठल्याही मोठ्या कंपनीने आपल्या खेळात हे दृश्य घातलेलं मी पाहिलेलं नाही. घालावं, असं माझं मत आहे. खेळात प्रदूषण असावं का, या प्रश्नाला उत्तर देताना लोक बहुतेक दोनच कारणं देतात: मुलांना जाणीव व्हावी म्हणून असावं, किंवा मजा जाते म्हणून नसावं. पहिलं कारण मला कंटाळवाणं वाटतं. जाणीव द्यायला या पोरांना पडदा लागत नाही, खिडकी पुरते. दुसरं कारण खरं आहे, पण ते डाग पुसण्याबद्दल आहे, प्रदूषणाबद्दल नाही. साम्राज्याच्या खेळाचा जीव शेजाऱ्यांत असतो: कोणाशी तह, कोणाशी वैर, कोणावर विसंबायचं. घाण हे शेजाऱ्याशी असलेलं नातं म्हणून आली तर ती खेळाच्या मध्यावर येते. स्वतःच्या अंगणातला कचरा म्हणून आली तर चौथ्या भागाच्या कर्त्यांनी केलं तेच करावं, तिला काढून आरोग्याच्या आकड्यात मिसळावं.

ट्रकवाले काका

एका रविवारी मधल्या मुलाचे वडील वर्तमानपत्र वाचायला वाचनालयात आले होते. वाचून झाल्यावर मुलाच्या मागे उभे राहिले.

“ही खाण किती वर्षं चालते?”

“कायम. संपत नाही बाबा.”

“आणि खनिज शहरात कोण नेतो?”

“कोणी नाही. आपोआप जातं.”

“मग तुमच्यात ट्रकवालाच नाही,” काका म्हणाले. थोडं थांबून त्यांनी विचारलं, “खाण बंद करायची तर काय करता?”

मुलाने शहराचा नकाशा उघडला, खाणीच्या चौकोनावरच्या माणसावर क्लिक केलं, मग शेताच्या चौकोनावर क्लिक केलं. खाण बंद, शेती चालू, त्याच फेरीत. काका हसले. कडवटपणे म्हणावं तर तसंही नाही. “बँकेला हे दाखवायला हवं होतं,” म्हणाले आणि बाहेर पडले.

त्या दोन-चार वाक्यांनी माझ्या नियमाची मर्यादा उघडी पडली. धूळ ही खाणीपेक्षा रस्त्यावरची गोष्ट आहे. शेजारच्या सत्तरी तालुक्यातल्या सोनशीसारख्या गावांची तक्रार दारावरून जाणाऱ्या ट्रकांची होती. फ्रीसिव्हमध्ये माल न हलता पोचतो, म्हणून वाटेवरच्या गावांना खेळात जागाच नाही. आणि थांबण्याची किंमत तर कुठेच नाही. २०१२ मध्ये खाण थांबली तेव्हा कर्जावर घेतलेले ट्रक, बार्ज, त्यांच्यावर चालणारी गॅरेजं, धक्क्यावरची हॉटेलं एका झटक्यात रिकामी झाली. डंप मात्र तिथेच राहिले आणि त्यानंतरच्या प्रत्येक पावसाळ्यात वाहिले. खेळात उलटं होतं: कारखाना विकला की त्याच क्षणी घाणीची शक्यता उतरते आणि माणसं हसत दुसऱ्या कामाला लागतात. म्हणून खेळाडूला वाटतं की शहाणपण म्हणजे योग्य वेळी बटण दाबणं. ज्यांनी बटण दाबलेलं पाहिलं आहे त्यांना ते पटत नाही.

रस्त्याचा नियम आम्ही करून पाहिला नाही, पंचाचे हात तेवढे पुरत नाहीत. थांबण्याचा मात्र केला: खाणीचा माणूस काढला तर त्या शहरातला एक नागरिक पाच फेऱ्या बेकार धरायचा, कुठल्याच चौकोनावर लावायचा नाही. साधा नियम, पण तेवढ्याने वरच्या मुलीची गणितं पार बदलली. तोवर ती म्हणायची, फारच अंगाशी आलं तर खाणी बंद करेन. आता ती म्हणू लागली की बंद करणं परवडत नाही. मधल्याने तिच्याकडे बघून मान डोलावली. घरी हे वाक्य त्याने बऱ्याचदा ऐकलेलं असणार.

तह

लढाई थकल्यावर मधला आणि धाकटा एकत्र आले आणि त्यांनी वरच्या मुलीकडे भरपाई मागितली. फ्रीसिव्हच्या तहात सोनं देण्या-घेण्याचं कलम असतं, तेच वापरायचं होतं. तिने आपल्या हद्दीचा नकाशा मोठा करून सगळ्यांना दाखवला. हिरवागार. “माझ्याकडे एक तरी डाग दाखवा.” खरोखरच नव्हता, कारण पावसाळा नुकताच होऊन गेला होता.

तेव्हा वही कामाला आली. कुठला डाग कुठल्या फेरीत कुठल्या चौकोनावर जन्मला याची नोंद माझ्याकडे होती. वही नसती तर वाद तिथेच संपला असता, आणि तिच्या बाजूने. कंपन्यांनी बनवलेल्या खेळात हे काम संगणक चुटकीसरशी करेल. प्रत्येक डागावर मूळ शहराचं नाव चिकटवणं ही अवघड गोष्ट नाही. ते नाव सगळ्यांना दिसावं, की ज्याने तपासावर पैसे खर्च केले त्यालाच दिसावं, यात एक नवीनच खेळ दडलेला आहे. मी असतो तर दुसरं निवडलं असतं. प्रत्यक्षातही नमुने घ्यायला, तपासायला, अर्ज करायला कुणाचा तरी खिसा हलका होतोच.

वही पाहिल्यावर तिने डाग नाकारले नाहीत, रक्कम नाकारली. एकेका डागाचा भाव ठरवत बसलो तर डाव संपेल, असं तिचं म्हणणं, आणि ते रास्त होतं. धाकट्याने मग २०१४ च्या निकालातलं कलम पुढे केलं, शाळेत कुठल्याशा निबंधासाठी त्याने ते वाचलं होतं: खनिजाच्या विक्रीचा १० टक्के भाग कायमस्वरूपी निधीत, पुढच्या पिढ्यांसाठी. खेळात त्याचं रूप असं ठरलं की ज्याच्या शहरांचं उत्पादन २० च्या वर जाईल त्याने दर पावसाळ्यात आपल्या उत्पन्नाचा दहावा भाग एका सामाईक पेटीत टाकायचा. डाग मोजायचे नाहीत, दोष ठरवायचा नाही. दक्षिणेचे दोघे कुरकुरले, कारण त्यांची घाण समुद्रात जाते आणि त्यांच्या खाली कुणी नाही. तरी मान्य झालं, चार विरुद्ध एक.

पेटी भरू लागली आणि नव्या कटकटी निघाल्या. मधल्याला त्यातून बांध हवा होता, धाकट्याला धान्य, आणि वरच्या मुलीने चक्क बंद खाणीच्या बेकार नागरिकांसाठी पैसे मागितले. तिची मागणी मला सर्वांत खरी वाटली आणि बाकीच्यांना सर्वांत निर्लज्ज.

मुळात ज्या तिघांनी प्रदूषण बंद करायला सांगितलं होतं त्यांच्यापैकी दोघे आता नियम काढू देत नाहीत. तिसरा, झाडूवाला, अजून म्हणतो की हा खेळ आता साम्राज्याचा राहिला नाही, पंचायतीचा झाला. त्याला अंतराळयान हवं आहे आणि त्याचं कुणी ऐकत नाही. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. डाव लांबतो, युद्धं क्षुल्लक कारणांवर होतात, आणि नदीपासून लांब बसलेल्याला पावसाच्या फेरीत नुसतं बघत बसावं लागतं. म्हणून एक डाव जुन्या पद्धतीने, उणे १००० लावून, आणि एक पावसाचा, असं आलटून पालटून खेळायचं ठरलं आहे.

पेटीची किल्ली कुणाकडे, हे अजून ठरलेलं नाही. सध्या ती पंचाकडे आहे, आणि वरची मुलगी म्हणते तिथेच राहू द्या, सर निःपक्षपाती आहेत. माझं मत वेगळं आहे. ती नदीमुखाकडे द्यावी, कारण उशीर झाला तर ज्याचं भात बुडतं तोच पेटी वेळेवर उघडेल. धाकट्याला हे सांगितलं तर तो लगेच विचारता झाला की त्या पैशातून तोफा घेतल्या तर चालेल का. पुढच्या पावसाच्या डावाआधी यावर मतदान आहे.